मोफत जॅझ वर्गातली नवी मुलं सोलोची, म्हणजे एकट्याने सुचेल ते वाजवायची, पाळी आली की गोठतात. काय करावं?

स्केलचा (सुरांच्या क्रमाचा) कागद आधी देऊच नका. मुलं सूर शोधत बसतात आणि ताल सुटतो. एफ सुरातला बारा बारचा ब्लूज घ्या (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट), वेग मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपास. सूर तीनच: एफ, ए फ्लॅट, बी फ्लॅट. (टेनर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाल्यांसाठी तो ब्लूज जीमध्ये, आल्टो सॅक्सोफोनला डीमध्ये, कारण या वाद्यांवर लिहिलेला सूर वेगळा ऐकू येतो. हे सांगायचं राहिलं की पहिल्याच दिवशी गोंधळ!) आधी गाऊन घ्या, मग वाद्यावर. चार बार जुन्या मुलाने, पुढचे चार नव्याने. बहुतेक जण नवव्या बारला हरवतात, तिथे सी सेव्हन ही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येते. बेसवाल्याने तिचा मूळ सूर ठासून वाजवावा.

जुन्यांनी नव्यांना सोबत घ्यायची रीत लंडनच्या 'टुमॉरोज वॉरियर्स' या जॅझ शिकवणाऱ्या संस्थेची, १९९१ पासूनची. उत्तम अल्बमसाठीचा ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार मिळवणारा 'एझरा कलेक्टिव्ह' हा बँड तिथूनच आला.