हरवळ्याला धबधब्यासाठी जावे की पांडवांच्या गुहांसाठी?

डिसेंबरात वयस्कर आईवडिलांना घेऊन आपण गोव्यात येत आहात, समुद्रकिनाऱ्यांची गर्दी टाळून पांडवांची कथा सांगितली जाणारी हरवळ्याची घळ पाहावी असे आपल्या मनात आहे, पण एका धबधब्यासाठी अर्धा दिवस घालवणे योग्य ठरेल का, असे आपण विचारले आहे. जरूर जावे, असेच माझे उत्तर आहे. मात्र केवळ धबधबा पाहायचा म्हणून जाऊ नये. ३१० मीटरांवरून कोसळणारा दूधसागर मनात ठेवून आलेला माणूस हरवळ्यात पाच मिनिटे थांबतो, दोन फोटो काढतो आणि परततो. मी डिचोली तालुक्यातला आहे आणि असे परतणारे पाहुणे पाहून मला नेहमीच हळहळ वाटते, कारण या जागेचे खरे मोल ज्या गुहांमध्ये आहे त्यांच्यावरून त्यांची गाडी न थांबता पुढे गेलेली असते.

म्हणून आधी गुहा पाहाव्यात. जवळच्या साखळी शहरातून हरवळ्याकडे येताना त्या धबधब्याच्या थोड्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आहेत, त्यामुळे आपल्या आईवडिलांना चढण चढावी लागणार नाही. वनवासात पांडव येथे राहिले, पाच भावांनी पाच दालने वाटून घेतली आणि प्रत्येकाने आपापल्या दालनात महादेवाची पूजा केली, ही कथा आमच्याकडे घरोघरी सांगितली जाते. सगळे कोरीवकाम जांभ्या दगडातले आहे. जांभा खणून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर वारा लागला की टणक होत जातो, त्यामुळे त्यात दालने कोरणे कातळाच्या मानाने सोपे. पण बारीक नक्षी मात्र त्यात टिकत नाही. म्हणूनच येथे वेरूळसारखे शिल्पकाम शोधू नये. साधे चौकोनी खांब, बुटकी दालने आणि त्यांत पिठांवर बसवलेली लिंगे, एवढेच दिसते. हात लावण्याइतक्या अंतरावर गेलात की भिंतीची जाळीदार पोत, त्या छिद्रांत साचलेली माती आणि पावसाळ्यात धरलेल्या शेवाळाचे काळपट पापुद्रे दिसतात.

या लिंगांपैकी एकावर ब्राह्मी लिपीत ‘सांबलूरवासी रविः’ अशी छोटी संस्कृत ओळ कोरलेली आहे. अभ्यासक ती साधारण सातव्या शतकातली मानतात. दालनांची रचना पाहून ही लेणी मुळात बौद्ध भिक्खूंची असावीत आणि पुढे शैवांकडे आली असावीत, असेही काहींचे मत आहे. हे ऐकले की सोबतच्या मंडळींपैकी कोणीतरी ‘म्हणजे पांडवांचे सगळे खोटेच’ असे म्हणून मोकळे होते. मला तसे म्हणणे पटत नाही. ब्राह्मी अक्षरे वाचणारा एकही माणूस पंचक्रोशीत उरला नव्हता, अशा कित्येक पिढ्यांच्या काळात या दालनांना देवाची जागा म्हणून जपले ते भीम-अर्जुनांच्या गोष्टी सांगणाऱ्या आयाबायांनीच. आज पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे, पण ते अलीकडचे. म्हणून आईवडिलांना आधी कथा सांगावी, मग शिलालेखाविषयी सांगावे. दोन्ही ऐकून त्या दालनांसमोर उभे राहिले तर जास्त वेळ उभे राहावेसे वाटते.

तेथून पुढे रुद्रेश्वराचे देऊळ आणि त्याला लागून घळ. दोन्ही बाजूंनी झाडीने भरलेले कडे, मध्ये कड्यावरून उतरणारे पाणी आणि खाली कोंड, म्हणजे खोल डोह, अशी ती जागा आहे. रुद्रेश्वर हे गोव्यातील भंडारी समाजाचे विशेष श्रद्धास्थान आहे आणि महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. एक गोष्ट मात्र बहुतेक प्रवासवर्णनांत सांगितलेली नसते, ती मी आग्रहाने सांगतो. या पाण्याकाठी लोक अस्थिविसर्जन, पिंडदान आणि उत्तरक्रिया करण्यासाठी येतात. पायऱ्यांवर मुंडन केलेला कोणी मुलगा ओला पंचा नेसून बसलेला, पुढ्यात केळीच्या पानावर भाताचे पिंड आणि काळे तीळ, असे दृश्य सकाळच्या वेळी सहज दिसते. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवावा, पाण्याकडे जायची वाट अडवू नये आणि मोठ्याने हाका मारू नयेत. त्या कुटुंबासाठी ते पर्यटनस्थळ नसते.

कोंडात उतरण्याचा विचार कोणाच्याही मनात आला तरी त्याला परावृत्त करावे. वरून पाणी शांत दिसते, पण तळ एकसारखा नाही, दगड निसरडे आहेत आणि गोव्यात धबधब्यांखाली दरवर्षी माणसे बुडतात. पावसाळ्यात प्रवाह जोरदार आणि तांबूस असतो, तुषार देवळापर्यंत येतात, पण वयस्कर माणसांसाठी तो काळ धोक्याचा आहे. माझ्या मते दसऱ्यानंतरचे काही आठवडे सर्वांत चांगले. डिसेंबरात धार बारीक झालेली असते, हे आधीच मान्य करून यावे. त्या बदल्यात पायऱ्या कोरड्या मिळतात आणि चढउतार निर्धास्तपणे करता येतो.

पणजीहून साखळीपर्यंत साधारण तासाभराचा रस्ता आहे. पणजी आणि म्हापसा या दोन्ही ठिकाणांहून कदंब या गोव्याच्या सरकारी महामंडळाच्या बसगाड्या मिळतात, पण पुढचे दोन-तीन किलोमीटर आईवडिलांना पायी नेण्याऐवजी रिक्षा करावी आणि परतीसाठी ती तेथेच थांबवून घ्यावी, कारण हरवळ्यात परतताना वाहन मिळेलच याची खात्री नसते. स्वतःची गाडी असल्यास, परत जाताना नार्व्याच्या सप्तकोटेश्वराकडे वळता येईल. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले ते देऊळ डिचोली तालुक्यातच आहे. दुपारचे जेवण साखळीच्या बाजारात उरकून घ्यावे.