वाचकांचे प्रश्न : विधानसभेतले बहुमत कसे फिरते?

प्रश्न : शिवसेनेचे दोन तृतीयांश आमदार बाहेर पडले म्हणून २०२२ मध्ये त्यांची आमदारकी वाचली, असे सगळीकडे ऐकतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. हा गैरसमज फार पसरला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती पक्षातली 'फूट' मानून त्यांना संरक्षण मिळत असे. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. दोन तृतीयांशांचा आकडा आता फक्त 'विलीनीकरणा'शी जोडलेला आहे : मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचा आणि त्याच्या विधिमंडळ पक्षातल्या (म्हणजे सभागृहातल्या त्याच्या आमदारांच्या गटातल्या) किमान दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला संमती द्यायची. नुसता वेगळा गट करून बसले, तर दोन तृतीयांश काय, नव्वद टक्के आमदार असले तरी या तरतुदीचा आधार मिळत नाही.

जून २०२२ मध्ये सेनेचे ५५ आमदार होते. त्याचे दोन तृतीयांश ३६.६७, म्हणून ३७ हा आकडा रोज चर्चेत होता. पण शिंदे गट कोणत्याच पक्षात विलीन झाला नाही. 'आम्हीच मूळ शिवसेना' असा त्यांचा दावा होता. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी तो मान्य केला आणि अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. ठाकरे गटाच्या आमदारांनाही त्यांनी अपात्र ठरवले नाही. आमदारकी वाचली ती या निर्णयामुळे, ३७ च्या गणितामुळे नव्हे.

विलीनीकरणाचे खरे उदाहरण पाहायचे तर गोव्यात पाहा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, नेमके दोन तृतीयांश. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. ११ चे दोन तृतीयांश ७.३३ होतात. अपूर्णांक वर धरायचा असतो, त्यामुळे सात जणांनी भागले नसते, आठवा लागलाच. मूळ काँग्रेस पक्ष कुठेच विलीन झाला नव्हता, तरी २०१९ चे विलीनीकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२२ मध्ये ग्राह्य धरले. आमच्या मते यामुळे कायद्याचा हेतूच पातळ होतो. मतदाराने पक्ष पाहून मत दिले असेल, तर केवळ आमदारांच्या संमतीवर पक्ष 'विलीन' कसा होतो, हा प्रश्न मिटलेला नाही.

प्रश्न : विश्वासदर्शक ठरावाला १४५ मते लागतातच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : १४५ हे २८८ च्या पूर्ण सभागृहाचे बहुमत. सरकार बनवण्याचा दावा करताना हाच आकडा पाहिला जातो. ठराव मात्र घटनेच्या कलम १८९ प्रमाणे, हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होतो. ४ जुलै २०२२ रोजी शिंदे सरकारच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९ मते पडली. म्हणजे मते देणारे २६३, आणि तेवढ्यांत १३२ पुरले असते. म्हणूनच गैरहजेरी आणि तटस्थता यांनाही किंमत असते. ३० नोव्हेंबर २०१९ ला भाजपने सभात्याग केला, चार सदस्य तटस्थ राहिले आणि ठाकरे सरकारचा ठराव १६९ विरुद्ध शून्य असा संमत झाला.

शिरगणती अगदी साधी असते. आधी घंटा वाजते, ती थांबली की सभागृहाची दारे बंद होतात. मग एकेका रांगेतले सदस्य उभे राहून आपले नाव आणि क्रमांक मोठ्याने सांगतात व त्याची नोंद होते. दार बंद झाल्यावर पोहोचलेल्याचे मत गेलेच. २०२२ मध्ये काँग्रेसच्या काही आमदारांचे असेच झाले. आदल्या दिवशी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधात १०७ मते होती, ती दुसऱ्या दिवशी ९९ झाली, त्यामागचे हे एक कारण.

प्रश्न : पक्ष न सोडता, नुसते राजीनामे देऊन सरकार कसे पडते? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : तुमच्याच मध्य प्रदेशाचे उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्ये २३० पैकी दोन जागा रिकाम्या होत्या. काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिल्यावर सभागृह २०६ चे झाले आणि बहुमत १०४ वर आले. भाजपकडे १०७ होते. २० मार्चला कमलनाथ यांनी राजीनामा दिला. इथे भाजपचा एकही आमदार वाढला नव्हता, फक्त एकूण संख्या घटली. राजीनामा देणाऱ्याला पोटनिवडणुकीला सामोरे जावे लागते, एवढाच काय तो मतदाराच्या हातातला उपाय.

प्रश्न : राज्यपालांचा निर्णय चुकला असे न्यायालय म्हणाले, तरी ठाकरे सरकार परत का आले नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारण उद्धव ठाकरे बहुमत चाचणीला सामोरे गेलेच नाहीत. ३० जूनला चाचणी होती, त्यांनी २९ जून २०२२ लाच राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने चाचणीचा आदेश समर्थनीय नव्हता असे म्हटले आणि शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद (मतदानासाठी पक्षाचा आदेश बजावणारा आमदार) म्हणून दिलेली मान्यताही बेकायदा ठरवली. प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, हे त्यात स्पष्ट झाले. पण स्वतःहून दिलेला राजीनामा न्यायालय रद्द करू शकत नाही.

प्रश्न : अपात्रतेचा निर्णय द्यायला अध्यक्षांना मुदत असते का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : दहाव्या परिशिष्टात मुदत लिहिलेली नाही, आणि आमच्या मते या कायद्याचे सर्वांत मोठे भगदाड हेच आहे. मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सर्वसाधारणपणे तीन महिने ही वाजवी मुदत सांगितली. महाराष्ट्रात पहिल्या याचिका जून २०२२ मधल्या, निर्णय जानेवारी २०२४ मधला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या विधानसभेसाठी मतदान झाले.