समुद्रात गरवायला काट्याचा गळ बरा की बिनकाट्याचा?

तुम्ही लिहिलंय की वर्षातून चार-पाच वेळा पुण्याहून कोकणात येता, आता स्वतःचा रॉड घेतलाय, आणि दुकानदार म्हणतो बिनकाट्याच्या गळाला मासा टिकतच नाही. तो अर्धं खरं बोलतोय.

मी रत्नागिरीचा. भाट्याच्या खाडीत आणि मिऱ्याकडच्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, बरीच वर्षं गरवतोय. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात. तिच्या टोकाच्या आतल्या अंगाला जो उलटा काटा असतो, दुकानातला बार्ब, तो माशाला धरत नाही. धरतं ते टोक. काटा फक्त परतीची वाट अडवतो. म्हणजे दोरी ताणलेली आहे तोवर काटा असला काय नि नसला काय, सारखंच. उलट बिनकाट्याची गरी जास्त सहज घुसते. प्रश्न येतो दोरी ढिली पडल्यावर.

आणि खडपावर ती ढिली पडतेच. मासा लागलाय, तुम्ही रीळ फिरवताय, तेवढ्यात लाट त्याला उचलून तुमच्याच दिशेने आणते. तुमचा हात कितीही चालो, दोन-तीन सेकंद दोरीत झोळ येतो. चोणक, म्हणजे रायगडातला जिताडा, तर पाण्याबाहेर उडी मारून तोंड असं झाडतो की लागलेली गरी सुटून आपल्याच अंगावर येते. म्हणून खडपावरून तळाला आमिष टाकून तांबोशी किंवा गोबऱ्याची वाट बघत बसणार असाल आणि मासा घरी न्यायचा असेल, तर साधी काट्याची एकेरी गरी लावा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

खोट्या माशाचं, म्हणजे ल्युअरचं, गणित मात्र वेगळं. त्याला तीन-तीन तोंडांच्या दोन गऱ्या असतात. सहा टोकं, सहा काटे. एकदा भाट्याला संध्याकाळी दीड-दोन किलोची तांबोशी काढली. पुढची गरी तिच्या जबड्यात होती, मागची मोकळी लोंबत होती. मी सोडवायला हात घातला, ती फडफडली, आणि मागची गरी माझ्या अंगठ्याच्या मांसात काट्यासकट गेली. आता ल्युअरच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला जिवंत तांबोशी! ती प्रत्येक वेळी उडाली की गरी आणखी आत. सोबतच्या मित्राने तिला फडक्यात दाबून धरलं आणि ल्युअरची कडी तोडून आम्हा दोघांना वेगळं केलं. पुढे दवाखाना. डॉक्टरांनी जागा बधिर केली, टोक पुढे ढकलून कातडीतून बाहेर काढलं, काटा कापला आणि मग गरी मागे ओढली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं ते निराळंच. बिनकाट्याची असती तर तिथेच आली त्या वाटेने निघाली असती. तेव्हापासून माझ्या एकाही ल्युअरवर काटा नाही. मासे थोडे जास्त सुटतात, हे खरं. (गरी डोळ्याजवळ लागली तर मात्र काटा असो-नसो, हात लावू नका, सरळ दवाखाना गाठा.)

बिनकाट्याच्या गऱ्या वेगळ्या विकत घ्यायची गरज नाही. चपट्या तोंडाच्या पकडीने काटा टोकाच्या दिशेनेच दाबून बसवा, आडवा पिरगळू नका, कडक पोलादाचं टोक तुटतं. मग जुन्या पंचात गरी खुपसून बाहेर काढा. धागा ओढला गेला तर काटा अजून शिल्लक आहे. दाबल्यावर जो छोटासा उंचवटा राहतो तो राहू द्या, तेवढ्यानेही थोडी मदत होते.

आमिष मात्र घसरतं, ही तक्रार खरी. माकुलाची पट्टी चिवट असते, टिकते. कोळंबी पहिल्याच फेकीत उडून जाते. त्यावर माझा उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा चण्याएवढा तुकडा. आमिष लावलं की तो टोकावरून आत सरकवायचा.

बिनकाट्याची खरी मजा शिंगाळा लागला की कळते. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन दातेरी काटे, लागले की हात ठणकतो. त्याला हातात धरायचंच नाही. दोरी वर धरा, पकडीने गरीचा दांडा पकडून उलटा करा, तो आपल्या वजनानेच पाण्यात पडतो. केंडाचंही तसंच, विषारी मासा, कोण खाणार? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तर समुद्रात सॅमन धरायला बिनकाट्याचीच गरी लागते, कारण नियमात न बसणारा मासा जिवंत परत सोडायचा असतो. आपल्या राज्यानेही २०२३ मध्ये समुद्री माशांच्या कमीत कमी लांबीचे नियम आणलेत. ते नसते तरी वीतभर तांबोशी घरी नेऊन करणार काय?

एक सांगतो, माशाने गरी पोटापर्यंत गिळली असेल तर काट्याचा वाद तिथे संपतो. ओढू नका, तोंडाशी दोरी कापून सोडा. ते टाळायचं असेल तर तळाच्या आमिषाला सर्कल हुक लावा, टोक आत वळलेली गोल गरी. ती बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकते. फक्त सवय मोडावी लागते. मासा ओढायला लागला की हिसका द्यायचा नाही, नुसतं रीळ फिरवत राहायचं. हिसका दिलात की ती तोंडातून सुटून येते. मला ही सवय मोडायला एक अख्खा हंगाम लागला.

पकड घ्याल ती तार कापता येईल अशी घ्या, कमरेला बांधून ठेवा. घरी आलात की गोड्या पाण्याने धुवून खोबरेल तेलाचं बोट फिरवा, नाहीतर पुढच्या खेपेला उघडणार नाही.