भाषा जेमतेम येत असताना तिथला व्यायामवर्ग लावायचा तर

परदेशात घराजवळच्या केंद्रातला सामूहिक व्यायामवर्ग लावायचाय, पण तिथली भाषा कामापुरतीच येते, जमेल का, असं विचारलंय. जमेल. वर्ग चालतो तो बघून आणि मोजून. एक ते आठ आकडे, उजवा-डावा, पुढे-मागे, श्वास घ्या, सोडा, थांबा एवढं पाठ असलं की भागतं.

भाषा अडते ती फॉर्मपाशी. बऱ्याच ठिकाणी आरोग्याची प्रश्नावली असते: छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब, सांधे, चालू औषधं. न वाचता सगळीकडे 'नाही'वर खूण करू नका. फॉर्म घरी आणून, भाषांतर करून भरा. दुखापतीची जबाबदारी कोणाची हेही त्यातच लिहिलेलं असतं. पूर्ण सत्राचे पैसे भरण्याआधी एखादा तास करून बघता येतो का, ते विचारा.

आता उभं कुठे राहायचं. नवखी माणसं हमखास शेवटची रांग धरतात. मग सगळे मागे वळतात, शेवटची रांग पहिली होते आणि समोर बघायला कोणीच उरत नाही! मधल्या रांगेत, जरा कडेला राहा. प्रशिक्षक तुमच्याकडे तोंड करून असेल तर बहुधा आरशासारखं करतो: तोंडाने 'उजवा' म्हणत स्वतःचा डावा पाय टाकतो. तिथे गोंधळ उडाला तर पुढच्या माणसाच्या पायांकडे बघा. आधी पाय जुळवा, हात नंतर. चुकलात तर थांबू नका, जागच्या जागी पावलं टाकत राहा आणि पुढच्या 'एक'ला परत सामील व्हा. आठ-आठच्या चार आवर्तनांचा, म्हणजे 32 मात्रांचा गट बहुतेक वेळा पुन्हा येतोच. स्टेपचा, म्हणजे बुटक्या फळीवर चढ-उतार करायचा वर्ग असेल तर फळीखाली उंची वाढवणारे ठोकळे लावू नका. नुसती फळी साधारण 10 सेंटीमीटर उंच असते, सुरुवातीला तेवढी पुरे.

जोर किती लावायचा? बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं, म्हणून पहिला तास आणि दुसरा तास यांच्या मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. सांध्यात एकदम कळ आली तर मात्र तिथेच थांबायचं.

गुडघा किंवा कंबर आधीपासून दुखत असेल तर 'माझा डावा गुडघा दुखतो, मी उड्या मारणार नाही' असं वाक्य तिथल्या भाषेत फोनवर लिहून ठेवा आणि तास सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी जाऊन प्रशिक्षकाला दाखवा. संगीत सुरू झाल्यावर त्याला ऐकायला सवड नसते.