एस्पेरान्तोतील शब्दांच्या जाती

प्रश्न : एस्पेरान्तो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत शेवटच्या स्वरावरून शब्दाची जात कळते, असे मी वाचले. मग ‘ब्रोसो’ म्हणजे ब्रश होतो, पण ‘कोम्बो’ म्हणजे कंगवा का होत नाही? दोन्ही नामेच आहेत ना?

उत्तर : होय, दोन्ही नामेच आहेत. लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे ही भाषा प्रसिद्ध केली, तेव्हाच नामाला ‘ओ’, विशेषणाला ‘आ’, मूळ क्रियारूपाला ‘इ’ आणि साधित क्रियाविशेषणाला ‘ए’ हे प्रत्यय ठरवून दिले. परंतु प्रत्यय शब्दाचे वाक्यातले काम तेवढे सांगतो; ज्या मुळाला (शब्दाच्या प्रत्ययाआधीच्या भागाला) तो लागला, ते वस्तूचे आहे, क्रियेचे आहे की गुणाचे, हे त्यावरून कळत नाही, आणि आपली अडचण नेमकी येथेच आहे.

‘ब्रोस’ हे मूळ वस्तूचे आहे, म्हणून ‘ब्रोसो’ म्हणजे ब्रश आणि त्यावरून ‘ब्रोसि’ म्हणजे ब्रशने घासणे. ‘कोम्ब’ हे मात्र क्रियेचे मूळ आहे. ‘कोम्बि’ म्हणजे विंचरणे, त्यामुळे ‘कोम्बो’ म्हणजे विंचरण्याची क्रिया. कंगवा हवा असेल, तर साधन दाखवणारा ‘इल’ हा प्रत्यय मध्ये घालून ‘कोम्बिलो’ म्हणावे लागते. मराठीत ‘करवत’ या वस्तूवरून ‘करवतणे’ होते, पण ‘किसणे’ या क्रियेवरून साधनासाठी ‘किसणी’ करावी लागते, तसाच हा भेद आहे.

मुळाला स्वतःची जात असते, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी रेने द सोस्यूर यांनी नेटाने मांडला. ते भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांचे धाकटे बंधू. त्यांच्या मांडणीवर पुष्कळ वाद झाला, तरी शिकणाऱ्याला तिच्याइतका उपयोगी आधार दुसरा नाही, असे माझे मत आहे. म्हणून नवा शब्द टिपताना प्रत्ययाबरोबर मुळाची जातही कोशातून पाहून टिपावी.

सर्वनामे, अंक आणि अव्यये शेवटच्या स्वराच्या नियमात बसत नाहीत. ‘होदियाउ’ (आज) आणि ‘हिएराउ’ (काल) पाहून ‘आउ’ हा क्रियाविशेषणाचा प्रत्यय असावा असे वाटते. पण ‘आन्ताउ’ (समोर, पूर्वी) आपल्या शब्दयोगी अव्ययाचे काम करतो, तेही नामाच्या आधी येऊन. असे शब्द एकेक करूनच पाठ करावे लागतात.