मोटारीची झिजलेली थ्रॉटल बॉडी घरच्या घरी दुरुस्त करता येते का?

आपण लिहिले आहे की, आपल्या जुन्या, केबलने उघडणारी थ्रॉटल असलेल्या पेट्रोल मोटारीची रेस इंजिन गरम झाल्यावरही मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या खाली उतरत नाही, मेकॅनिक अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायला सांगतो आहे, आणि ती घरीच दुरुस्त होईल का असे आपल्याला विचारायचे आहे. होईल, पण निम्मीच घरी. उरलेली निम्मी लेथवर. पुण्यात कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम मी दोनदा केले आहे, आणि दुसऱ्यांदा करावे लागले ते पहिल्या वेळच्या माझ्याच चुकीमुळे.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग; त्यात शाफ्ट नावाच्या दांड्यावर एक चकती उघडते-मिटते, आणि झिजतात ती शाफ्टची भोके. आधी झीज आहे की नाही याची खात्री करावी. नुसता कार्बन साचला असेल तर सहसा उलटे घडते, म्हणजे रेस पडते किंवा पेडल पहिल्या दाबाला अडकल्यासारखे वाटते. केबलला किंचित ढील आहे ना, व्हॅक्यूमची एखादी नळी चिरली नाही ना, हे पाहावे. मग इंजिन चालू ठेवून शाफ्टच्या टोकापाशी, सेन्सर नसलेल्या बाजूने, बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथूनच शिरते आहे. केबल आणि स्प्रिंगचा ताण ज्या बाजूला असतो तिकडचे भोक आधी लंबगोल होते. मॅप सेन्सरच्या (चकतीमागच्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) गाडीत ही जादा हवाही मोजली जाते, तिच्या हिशेबाने पेट्रोल पडते, आणि आयडल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर इंजिनाला थोडी हवा देणारी झडप) पूर्ण बंद होऊनही रेस चढलेलीच राहते.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बॉडी उतरवल्यावर चकती बंद करून खिडकीच्या उजेडासमोर धरावी. माझ्या बॉडीत एका कडेला चंद्रकोरीसारखी उजेडाची रेघ दिसत होती आणि शाफ्ट बोटाने वरखाली हलत होता. चकतीचे दोन बारीक स्क्रू मागच्या टोकाला ठोकून पसरवलेले असतात; ती टोके कानशीने घासल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर लावला तर शाफ्टमधले आटे जातात. चकती आणि थ्रॉटल सेन्सर (चकती किती उघडली ते सांगणारा) यांच्या मूळ जागेवर ओरखड्याने खूण करून ठेवावी. चकती गोल दिसते, पण ती किंचित लंबगोल असते आणि तिच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात. मी ती पहिल्या वेळी उलटी बसवली, त्यामुळे ती पूर्ण मिटेना आणि सगळे पुन्हा उतरवावे लागले.

झिजलेल्या भोकात बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ते धातूचे कडे) बसवण्याचे काम टर्नरकडेच द्यावे, कारण दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत रीम (नेमक्या मापाला कोरलेली) झाली नाहीत तर शाफ्ट जाम होतो, आणि हातातल्या ड्रिलने ते साधत नाही. भोसरी एमआयडीसीत असे छोटे काम करून देणारे लेथवाले आहेत. त्यांना ब्राँझचे बुश घालायला सांगावे, शाफ्टला 0.03 ते 0.05 मिलिमीटरइतकीच मोकळीक मागावी, आणि बुशचे टोक आत हवेच्या वाटेत येता कामा नये हे बजावून सांगावे. शाफ्टवरही खाच पडली असेल तर नुसते बुश बदलून उपयोग नाही. गॅस्केट आणि स्क्रू नाना पेठेत मिळतात. तिथे दुचाकीवरच जावे, मोटार लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते.

जोडताना स्क्रू सैल ठेवून चकती चार-पाच वेळा फटकन मिटू द्यावी, म्हणजे ती स्वतःची जागा स्वतः घेते. मग उजेडासमोर पाहून स्क्रू घट्ट करावेत. स्क्रू नवेच घ्यावेत, त्यांना थ्रेड लॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे आणि शाफ्टखाली आधार देऊन टोके हलकेच ठोकावीत, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. चकतीच्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावू नये. रेस उतरवण्यासाठी तो फिरवायचा नसतो, चकती भोकात रुतू नये म्हणून तो कंपनीतून बसवलेला असतो. सेन्सर खुणेवर लावल्यावर चकती मिटलेली असताना त्याच्या सिग्नलच्या तारेवर साधारण 0.5 व्होल्ट दिसतात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या नव्या गाड्यांना यातले काही लागू नाही. त्यांच्या चकतीला बोटही लावू नये.

इंजिन चालू करण्याआधी घरातल्या कोणाला तरी पेडल तळापर्यंत दाबून एकदम सोडायला सांगावे आणि आपण केबलच्या टोकाकडे पाहावे. स्प्रिंगने लिव्हर एका झटक्यात मागे येऊन स्टॉपला टेकत नसेल, तर त्या दिवशी चावी फिरवू नये.