दहा दिवस झाले, गोळी बंद करू का?

प्रश्न : ताई, मी 34 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिवाळीपासून पहाटे साडेतीनला जाग येते आणि छाती धडधडायला लागते. ईसीजी दोनदा काढला, नॉर्मल. वह्या तपासायला घेतल्या की रडू येतं. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांची गोळी सुरू करून आज दहा दिवस झाले. फरक शून्य, वर मळमळ. सासूबाई म्हणतात, 'एकदा सवय लागली की सुटायची नाही.' बंद करू का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नका करू बंद. बाकीचं निवांत वाचा, पण आजची गोळी घ्या.

या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. त्रास मात्र आधी येतो. मळमळ, जड डोकं, कुणाकुणाला सुरुवातीला धडधडही जास्त वाटते. बहुतेकांचं हे पंधरवड्यात ओसरतं. फारच होत असेल तर डॉक्टरांना फोन करा, वेळ किंवा डोस बदलून देतील.

2008 साली मीही यातून गेले आहे. कुणी ओळखू नये म्हणून सिव्हिलच्या ओपीडीत तोंडाला स्कार्फ बांधून बसायचे. बाराव्या दिवशी कंटाळून गोळ्यांची पट्टी साड्यांच्या घडीखाली सारली, त्यात माझे चार महिने गेले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा मी रोज कुकरला वरणभात लावायचे आणि मीठ घालून तोच खायचे. पाचव्या आठवड्यात शेजारीण दारातून म्हणाली, "आज तुमच्याकडून फोडणीचा वास आला!" मला बरं वाटू लागलंय, हे माझ्याआधी तिला कळलं होतं.

आता सवयीचं. सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. झोपेच्या आणि तात्पुरत्या घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या थोडेच दिवस देतात. नैराश्य-चिंतेवरच्या रोजच्या गोळीची तशी चटक लागत नाही. पण ती एकदम सोडली की चक्कर, बेचैनी होते. म्हणून बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने चालू ठेवून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. तुमची गोळी कोणत्या प्रकारची, हे पुढच्या भेटीत विचारा आणि सासूबाईंना सोबत न्या. त्यांच्या शंकेला डॉक्टरांनीच उत्तर दिलेलं बरं. थायरॉइड, हिमोग्लोबिन पाहिलं नसेल तर तेही विचारा.

समुपदेशन मिळालं तर घ्याच. मला समुपदेशकांनी शंभरपानी वही करायला लावली होती. डाव्या पानावर पहाटेचा विचार लिहायचा, उजव्या पानावर संध्याकाळी प्रत्यक्षात काय घडलं ते. पहिले आठ दिवस मला ते पोरकट वाटलं. पण महिनाभराने पानं उलटली, तर डावीकडची अरिष्टं उजवीकडे जवळजवळ कुठेच नव्हती. वह्या तपासण्याचा तुमचा हात आहे, ही एक स्वतःची तपासा.

पहाटे फारच एकटं वाटलं तर 14416 लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचा विचार आला तर मात्र सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी घरच्यांना उठवा आणि डॉक्टरांना कळवा.

महिन्याने पुन्हा पत्र लिहा. वर्गातली पोरं तुमच्याबद्दल काही वेगळं बोलली का, तेही कळवा.